सही थांबव, तालमीला जा

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांचा आहे. कोथरूडला आई-बाबांबरोबर राहतो, हिंजवडीत एका आयटी कंपनीत नोकरी करतो. पेटी शाळेपासून शिकलो. कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेला आणि एकांकिकांना संगीत द्यायचो. गेल्या वर्षी एका दोन अंकी नाटकाला संगीत दिलं. त्यात सहा गाणी आहेत आणि प्रयोग अजून चालू आहेत. मानधन सुरुवातीला एकदाच मिळालं. मध्यंतरी दिग्दर्शकाने माझ्या सगळ्यात आवडत्या गाण्याचा दुसरा अंतरा न विचारता काढून टाकला. मी प्रयोगाला गेलो तेव्हा मला ते कळलं. फार लागलं.

आता एक मराठी सिनेमा मिळतोय. चार गाणी आणि पार्श्वसंगीत, सगळं पॅकेजमध्ये. एडिटवर त्यांनी दुसऱ्याच सिनेमांचं संगीत लावून ठेवलंय आणि ‘असंच हवं’ म्हणतात. करारात लिहिलंय की सगळे हक्क कायमचे निर्मात्याचे आणि संगीतकार कधीही रॉयल्टी मागणार नाही. ‘सगळे हेच सही करतात’ असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात सही करायची आहे. करू का? नोकरी सोडू का? नाटक चालू ठेवू की आता सिनेमाकडेच वळू? बाबा विचारतात, यात पोट भरतं का ते आधी सांग.

— एक वाचक, कोथरूड

प्रिय मित्रा,

तुझ्या प्रश्नांपैकी घाईचा एकच आहे, तो आधी घेते. त्या करारावर आहे तशी सही करू नकोस.

कारण सांगते. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी गीतकार-संगीतकारांची अवस्था वाईट होती. निर्मात्याने पैसे देऊन चाल करून घेतली आणि वेगळं काही लिहिलेलं नसलं, तर मालक निर्माताच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटलं होतं. एकदा पाकीट हातात आलं की विषय संपला. गाणं पुढे चाळीस वर्षं वाजलं तरी ज्याने ते बांधलं त्याच्या घरी काही यायचं नाही. दुरुस्तीनंतर हे बदललं. आता सिनेमागृहात सिनेमासोबत तुझं संगीत वाजतं, त्याची वेगळी रॉयल्टी तुला मिळत नाही. पण तेच गाणं टीव्हीवर, रेडिओवर, मोबाइलच्या ॲपवर, हॉटेलात किंवा कुठे जाहीर कार्यक्रमात वाजलं, की त्या रॉयल्टीत तुझा वाटा आहे. हक्क ज्याने घेतलेत, त्याच्या बरोबरीने. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा वाटा तुला सोडून देताच येत नाही. तो तुझ्या वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडे सोपवता येतो, बस. ‘रॉयल्टी मागणार नाही’ हे कलम कायद्याने रद्दबातल आहे.

आता तू म्हणशील, रद्दबातलच आहे तर करतो सही, बिघडलं काय? बिघडतं. कलम रद्द आहे हे म्हणायला कोर्टात जावं लागतं आणि कोर्टात जायला पैसा, वेळ आणि वैर पत्करायची तयारी लागते. पहिल्याच सिनेमाच्या निर्मात्याशी ते कोण करेल? शिवाय ज्याने तुझ्याकडून ते वाक्य लिहून घेतलं, तो पुढे गाणी नोंदवताना तुझं नाव घालायची तसदी घेईल असं समजू नकोस. म्हणून आत्ताच, गोडीत, मेल पाठव: “रॉयल्टीचं कलम २०१२च्या दुरुस्तीशी जुळत नाही, कृपया ते वगळून सुधारित मसुदा पाठवावा.” एवढंच लिही. त्यात तक्रारीचा सूर नको. पुष्कळदा असे मसुदे कुणाच्या तरी जुन्या करारावरून उतरवलेले असतात आणि समोरच्यानेही ते नीट वाचलेले नसतात. फोनवर “अरे, ते फक्त फॉरमॅलिटीसाठी आहे” असं उत्तर आलं, तर म्हण, फॉरमॅलिटीच असेल तर काढायला हरकत नसावी.

बाकीचे शब्दही तपास. हक्क किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी दिले, हे करारात नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारत एवढंच धरतो. म्हणूनच ते ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ लिहितात. सिनेमाच्या बाबतीत हे दोन शब्द नव्या माणसाला द्यावे लागतात, त्यावर अडून बसू नकोस. अडून बस ते तीन गोष्टींवर: रॉयल्टी, नाव आणि पैशांचे हप्ते. नाव कुठे कुठे येणार ते लिहून घे. सिनेमाच्या श्रेयनामावलीत तर हवंच, पण पोस्टरवर, गाण्याच्या व्हिडिओखाली आणि ॲपवरच्या माहितीतही हवं. हप्ता सहीच्या वेळी, चाली पसंत झाल्यावर, रेकॉर्डिंगच्या आधी आणि अंतिम मिक्स देताना, असा लावून घे. शेवटचा हप्ता ‘प्रदर्शनानंतर’ असेल तर तो मान्य करू नकोस. सिनेमा प्रदर्शित कधी होईल, होईल की नाही, हे तुझ्या हातात नाही.

आणि आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, सभासदत्व घे. ही संस्था १९६९ पासून आहे, कचेरी मुंबईला. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांच्या वतीने ती रॉयल्टी वसूल करते. सभासद होऊन गप्प बसायचं नाही. प्रत्येक गाणं तिथे नोंदवायचं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती. पार्श्वसंगीताचीही यादी द्यायची, कुठला तुकडा किती मिनिटं-सेकंदांचा, यासकट. गीतकाराशी वाट्याचं बोलणं गाणं गाजायच्या आधी करून टाक. गाजल्यावर तेच बोलणं जड जातं.

पॅकेजबद्दल. पॅकेज म्हणजे निर्माता एक आकडा देतो आणि गायक, वादक, स्टुडिओ, संयोजन, मिक्सिंग सगळं तू त्यातून करतोस. समज, आकडा पाच लाखांचा आहे. त्यातले दहा टक्के टीडीएसला जातात. ते विवरणपत्र भरताना तुझ्या करात वळते होतील, पण आत्ता हातात साडेचार आले. चार गाण्यांना गायक, खरी बासरी, खरी सारंगी, एका गाण्याला व्हायोलिनचा ताफा, चांगल्या स्टुडिओतली शिफ्ट, मिक्स करणारा इंजिनिअर. वर निर्मात्याने ऐन वेळी सांगितलं की गायक बदलू या, तर तो खर्चही तुझाच. शेवटी तुझं स्वतःचं मानधन म्हणून जे उरतं, ते कधी कधी ढोलकीवाल्यापेक्षा कमी असतं. हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय. आणि मग काय होतं, तर संगीतकार सारंगी कापतो, कीबोर्डवरचं सॅम्पल लावतो, आणि सिनेमातल्या ज्या एका प्रसंगाला खऱ्या गजाची खरखर हवी होती तिथे गुळगुळीत आवाज येतो. नुकसान सिनेमाचंही होतं.

म्हणून दोन आकडे माग. एक तुझं मानधन, दुसरा रेकॉर्डिंगचा खर्च. दुसऱ्याचं अंदाजपत्रक तू करून दे, बिलं थेट निर्मिती खात्याच्या नावावर येऊ देत. तयार नसतील आणि पॅकेजच हवं असेल, तर निदान हे लिहून घे की पसंत झालेल्या चालीत, गायकात किंवा संपलेल्या एडिटमध्ये बदल झाला तर त्याचा खर्च वेगळा.

आता नाटक. नाटकाला सिनेमाचे ते नियम लागत नाहीत, पण तुझी बाजू तिथे उलट भक्कम आहे. तू त्या नाट्यसंस्थेचा पगारी नोकर नव्हतास आणि पत्रावरून दिसतं की हक्क देऊन टाकल्याचं तू काही लिहून दिलेलं नाहीस. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. म्हणजे चाली तुझ्याच आहेत. चाल नोटेशनमध्ये लिहिलेली असो वा नसो, बांधणारा तोच संगीतकार, असं कायदाच म्हणतो. फोनमध्ये गुणगुणून ठेवलेले तुकडे तारखेसकट जपून ठेव, ते तुझे पुरावे आहेत. लेखकाला प्रयोगागणिक मानधन द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ज्या नाटकात सहा गाणी आहेत आणि जाहिरातीत ‘संगीतमय’ लिहिलंय, त्याच्या संगीतकाराने प्रयोगागणिक थोडी रक्कम मागणं यात वावगं काही नाही. मागचं उकरू नकोस. पुढच्या महिन्याच्या तारखा लागल्या की निर्मात्याला भेट आणि पुढच्या प्रयोगांपासून ठरव. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती प्रयोगाला बांधलेली हवी.

आणि आता तो अंतरा. इथे मला तुझ्याशी थोडं कडक बोलायचंय.

दिग्दर्शकाने तुला विचारायला हवं होतं, त्याने चूक केली. पण तुला ते प्रयोगाला गेल्यावर कळलं, याचा अर्थ मधल्या तालमींना तू नव्हतास. नोकरी आहे, हिंजवडीहून निघून सदाशिव पेठेत पोचायला रात्रीचे साडेआठ होतात, मला कळतं. पण नाटकाचं संगीत घरी बसून बांधून, फाइल पाठवून होत नाही. चाल सुचणं हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग तालमीच्या हॉलमध्ये होतो, जिथे चटईवर बसून तू बघत असतोस की नट गाण्यात शिरतो कुठून आणि बाहेर पडतो कसा.

एक प्रसंग सांगते. एका नाटकात नायिकेला गात गात तीन फुटी लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्यावर, चढायचं होतं. चाल चांगली होती, मुलगी सुरेल होती. पण चालीतला तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला प, नेमका तिचा पाय वर जाताना येत होता. रोज तिथे सूर फाटायचा. दिग्दर्शक म्हणाले, चढणं काढून टाकू. ती म्हणाली, “ताई, चढायचं मला हवंय, फक्त तिथे श्वास उरत नाही.” मी पेटीवर बसले होते. तिला म्हटलं, तू ओळ अर्धवट सोड, चढ, मग पुढची ओढ. मधल्या दोन मात्रा पेटी भरेल. पहिल्याच फेरीत बसलं. आणि झालं असं की त्या दोन मात्रांत ती गात नव्हती, नुसती चढत होती, आणि प्रेक्षक तिच्याकडे बघत होते. त्या गाण्यातली सगळ्यात बोलकी जागा तीच ठरली. मी घरी बसून कितीही वेळ पेटी धरली असती तरी ती जागा सापडली नसती, कारण ती चालीत नव्हतीच.

तुझा दुसरा अंतरा का गेला, ते मला माहीत नाही. पण शंका येते की पहिल्या अंतऱ्यात पात्राला जे कळायचं ते कळून चुकलं होतं. नाटकातल्या गाण्याने प्रसंग पुढे नेला पाहिजे. जिथे नेणं संपतं तिथून पुढचं सगळं गाणं, कितीही सुंदर असो, प्रेक्षकाला थांबवून ठेवतं. पुढच्या प्रयोगाला विंगेत उभा राहा आणि पाठ रंगमंचाकडे कर. फक्त प्रेक्षागृह ऐक. गाणं संपल्यावर नाटक कुठून उचललं जातं ते बघ. अंतरा हवाच होता असं तरीही वाटलं, तर दिग्दर्शकाला गाठून मोकळेपणाने सांग, त्यात पात्राचं काय राहून गेलं ते सांग. “माझी आवडती जागा होती” हे कारण सांगू नकोस.

तालमीला जायची आणखी दोन कारणं आहेत, पुरती व्यवहाराची. एक म्हणजे पट्टी, गाणारा पेटीच्या ज्या सुराला सा धरतो ती. नाटक चाललं की नट बदलतात. आज काळी पाचमध्ये गाणारी मुलगी मालिकेत जाते, तिच्या जागी येते ती पांढरी पाचची, म्हणजे तीन स्वर खालची. तू जर सगळा ट्रॅक एकाच फाइलमध्ये देऊन मोकळा झालास, तर कुणीतरी लॅपटॉपवर तो तीन स्वर खाली ओढतो आणि तुझी बासरी रडकी होते. प्रत्येक वाद्य वेगळं जपून ठेव, पट्टी बदलून द्यायची तयारी ठेव, आणि त्या कामाचे पैसे घे. दुसरं म्हणजे ऑपरेटर. प्रयोगात तुझं संगीत वाजवणारा तो मुलगा तुझा खरा साथीदार आहे. पूर्वी पेटीवाला नटाकडे बघत थांबायचा, हशा आला तर एक आवर्तन वाढवायचा, वन्समोअर आला तर पुन्हा उचलायचा. ट्रॅक थांबत नाही. म्हणून गाण्याआधीचा आणि मधला भाग असा तोडून दे की ऑपरेटरला तो नटाच्या श्वासाप्रमाणे लांबवता येईल. त्याच्या शेजारी बसून क्यू लिहून दे: ‘ती खिडकी लावते तेव्हा’ असं लिही, ‘संवाद संपल्यावर’ असं नको. संवाद नट विसरतात, खिडकी लावायला विसरत नाहीत.

सिनेमातल्या ‘असंच हवं’कडे येते. एडिटरला रिकाम्या प्रसंगावर काम करणं अवघड जातं, म्हणून तो तात्पुरतं काहीतरी लावतो. मग दिग्दर्शक महिना-दोन महिने तेच ऐकत राहतो आणि त्याच्या कानाला तेच बरोबर वाटायला लागतं. यात त्याचा दोष नाही. तुझं काम त्याला त्यातून सोडवण्याचं आहे, आणि ते वाद घालून होत नाही. त्याच्याबरोबर बस, प्रसंग आधी बिनसंगीताचा बघू असं म्हण. मग त्यांचा तुकडा लावून बघा आणि विचार: यातलं तुम्हाला नक्की काय आवडतं? लय? एखादं वाद्य? की ते जिथे थांबतं ती जागा? माझा अनुभव असा की पुष्कळदा उत्तर शेवटचं असतं. त्यांना ती शांतता आवडलेली असते. तेवढी जागा पकड, बाकी सगळं तुझं कर. जवळजवळ तीच चाल थोडी फिरवून द्यायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस. तुझ्या करारात ‘संगीत स्वतंत्र आहे, तक्रार आल्यास जबाबदारी संगीतकाराची’ असं वाक्य असणारच, बघ. म्हणजे उसनी चाल ते मागणार आणि नोटीस तुझ्या घरी येणार. तशी मागणी आलीच तर ती मेलवर येऊ दे.

आणखी एक, जे तुझ्या आयटीच्या डोक्याला लगेच पटेल. एडिट लॉक झालं, आता कापाकापी नाही, म्हणतात ते लॉक झालेलं नसतं. म्हणून पार्श्वसंगीत बांधताना हिशेब आधी मांडून ठेव. समज, प्रसंग १ मिनिट ४८ सेकंदांचा आहे आणि तू लय मिनिटाला ८० मात्रांची धरलीस. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो, म्हणजे तुझी एक मात्रा बरोबर १८ फ्रेमची. आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन सहा सेकंदांचं. सबंध प्रसंग १८ आवर्तनांचा. आता एडिटरने सहा सेकंद कापले, तर तू एक आवर्तन काढलंस की झालं. त्याने चारच सेकंद कापले, तर उरले १०४ सेकंद. १७ आवर्तनं ठेव आणि लय ७८ आणि अर्ध्याच्या आसपास आण. दीड मात्रेचा फरक कुणाच्या कानाला कळत नाही, पण प्रसंगात जिथे दार उघडतं तिथे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते. हे न करता रेकॉर्ड केलेलं संगीत मधून कापून जोडलं, की सांधा ऐकू येतोच. वादक आणायचे ते हा हिशेब दिग्दर्शकाच्या समोर पक्का झाल्यावर.

नाटक की सिनेमा, हा प्रश्न मात्र तू मनातून काढून टाक. पुण्यात बसून तर हा प्रश्न पडूच नये. गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ‘मानापमान’ या नाटकाच्या चाली बांधल्या आणि १९३२ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या पहिल्या बोलपटाला संगीत दिलं. ‘प्रभात’ १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. त्याच वर्षी रंगभूमीवर नवं, आटोपशीर नाट्यसंगीत आणणारे केशवराव भोळे पुढे ‘प्रभात’चेच संगीतकार झाले. लॉ कॉलेज रोडवर ज्या आवारात हे काम चालायचं, तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या इन्स्टिट्यूटमध्ये भास्कर चंदावरकर संगीत शिकवायचे. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचं संगीत त्यांचं आणि ‘सामना’ या सिनेमाचंही त्यांचंच. ‘घाशीराम’मध्ये ब्राह्मणांची ती रांग हलते, डोलते, पडदा होते, आणि गाणं तिच्या हलण्यातूनच येतं. असं संगीत तालमीत उभं राहून होतं. आणि ज्याला माणसांची रांग कशी हलते ते दिसतं, त्याला कॅमेरा कसा हलतो तेही दिसतं. नाटक तुला प्रसंग ऐकायला शिकवेल. सिनेमा तुला सेकंद मोजायला शिकवेल. दोन्ही लागतं.

आता नोकरी आणि बाबा. बाबांचा प्रश्न रास्त आहे, तो टाळू नकोस. नुसत्या नाटक-सिनेमावर पुण्यात घर चालवणारे संगीतकार थोडे. बाकीचे काय करतात? जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, माहितीपट, नृत्याचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, कुणाच्या अल्बमचं संयोजन, आणि शिकवण्या. यातलं काहीच हलकं नाही. स्नेहसंमेलनासाठी चाळीस मुलांच्या गळ्यात बसेल अशी चाल करणं हे चांगल्या चांगल्यांना जमत नाही. पण पैसा लहरीवर येतो, चार महिने येतो आणि तीन महिने येत नाही. संगीतकार आनंद मोदकांनी ‘महानिर्वाण’ नाटकापासून किती नाटकं, किती सिनेमे केले, आणि बँकेतली नोकरीही केली. नोकरी करणारा संगीतकार हा अर्धा संगीतकार, असं तुला कुणी म्हणत असेल तर त्याला मोदकांच्या चाली ऐकव.

म्हणून या सिनेमासाठी राजीनामा देऊ नकोस. रजा किती शिल्लक आहे बघ, रेकॉर्डिंग आणि मिक्सच्या तारखांना ती लाव. घरून काम करायचे दिवस असतील तर ते नाटकाच्या तालमींशी जुळव. पगारातून वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत आणि सलग दोन वर्षं संगीताची कमाई पगाराच्या निम्म्यावर येईपर्यंत थांब. हे माझं मोजमाप आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. तुझ्यावर कर्ज असेल तर ते आणखी कडक धर, आई-बाबांना पेन्शन असेल तर थोडं सैल.

आणि एक काम याच आठवड्यात कर, कारण त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तुझं नेमणूकपत्र काढून वाच. आयटी कंपन्यांच्या पत्रांत पुष्कळदा दोन कलमं असतात: बाहेर पैशाचं काम करायचं नाही, आणि नोकरीत असताना तू जे काही निर्माण करशील ते कंपनीचं. दुसरं कलम सहसा सॉफ्टवेअरसाठी लिहिलेलं असतं, पण शब्द किती ऐसपैस आहेत ते बघ. एचआरला साधा मेल टाक की मी नोकरीच्या वेळेबाहेर नाटक-सिनेमांना संगीत देतो, त्याचा कंपनीच्या कामाशी संबंध नाही, कृपया लेखी संमती द्यावी. बहुतेक ठिकाणी ती मिळते. ती आल्यावरच निर्मात्याच्या करारावर सही कर, कारण त्या करारात तू लिहून देणार आहेस की हे संगीत पूर्णपणे तुझं आहे. कंपनीच्या लॅपटॉपवर मात्र एकही चाल ठेवू नकोस, आजच्या आज ती सगळी तुझ्या डिस्कवर घे.

सुधारित मसुदा आला की तो कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला दाखव. एका बैठकीची फी देऊन हे काम होतं, पॅकेजच्या हिशेबात ती फी धर. आणि नाटकाचा पुढचा प्रयोग कुठे आहे, बालगंधर्वला की यशवंतरावला, ते मला कळव. मला तो पहिला अंतरा ऐकायचाय.

तुझी,
ताई